हजेरीपटावरचे नाव

शाळेतले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक कोणते, असे विचारले तर लोक एखाद्या पाठ्यपुस्तकाचे नाव घेतील. आम्ही हजेरीपटाचे घेऊ. पाठ्यपुस्तक काही वर्षांनी बदलते. हजेरीपट रोज सकाळी उघडतो आणि वर्गातल्या प्रत्येक मुलाला त्याच्या नावाने हाक मारतो. उर्दू शाळेत मूल उभे राहून ‘हाज़िर जनाब’ म्हणते. त्याचे गुण किती, गणित येते की नाही, बाप काय करतो, याच्याशी त्या दोन शब्दांचा काही संबंध नसतो. तू आलास, एवढेच त्यात नोंदले जाते. नाही आलास तर तेही नोंदले जाते, आणि दोन-तीन दिवस गैरहजेरी लागली की शेजारच्या मुलाला विचारले जाते, ‘क्या हुआ उसको? घर जाके देख.’

आपण आहोत याची दखल कोणीतरी रोज घ्यावी आणि आपण नसलो तर ते कोणाच्या तरी लक्षात यावे, ही माणसाची फार मोठी गरज आहे. बहुतेकांची ती न मागता भागते. शाळा सुटली तर कारखाना असतो, दुकान असते, कचेरी असते, चहाच्या हॉटेलातली ठरलेली बाकडी असते. म्हणून ही गरज आहे हेच आपल्याला जाणवत नाही. पण प्रत्येक मोहल्ल्यात अशी काही माणसे असतात, ज्यांचे नाव रेशनकार्डाखेरीज कोणत्याही यादीत नाही. बौद्धिक अक्षमता घेऊन जगणारी ही माणसे. त्यांपैकी काहींचे नाव लहानपणी शाळेच्या पटावर होते, पुढे ते कमी झाले. काहींचे कधी लागलेच नाही.

आमचा प्रश्न साधा आहे. आपण ज्याला शिकणे म्हणतो तसे ज्याला शिकता येणार नाही, आपण ज्याला कमावणे म्हणतो तसे ज्याला कमावता येणार नाही, त्याचे नाव कोणत्या तरी हजेरीपटावर असायलाच हवे का? हवे असेल तर दयेपोटी, की त्याचा तो हक्क आहे म्हणून?

आधी आपण कोणाविषयी बोलत आहोत ते स्पष्ट करू. आपल्या वस्त्यांत ‘पागल’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरवला जातो. पण मानसिक आजार वेगळा आणि बौद्धिक अक्षमता वेगळी. मानसिक आजार चांगल्या शिकल्यासवरल्या माणसालाही होतो आणि उपचाराने बराही होऊ शकतो. बौद्धिक अक्षमता जन्मापासून किंवा बालपणापासून असते. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. कधी जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडलेला असतो, कधी बालपणी मेंदूज्वर होऊन गेलेला असतो, तर पुष्कळदा कारण सापडतच नाही. ही अवस्था आजार नव्हे, म्हणून ती औषधाने किंवा तावीजाने ‘बरी’ होत नाही. परंतु शिकवल्याने माणूस वाढतो. घरचे लोक या दवाखान्यातून त्या दवाखान्यात, या दर्ग्यातून त्या दर्ग्यात इलाज शोधत फिरतात, आणि शिकवण्याची वर्षे त्या फिरण्यात निघून जातात. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे १५ लाख बौद्धिक अक्षमता असलेल्या होत्या. तेव्हा सरकारी कागदांत ‘मतिमंद’ हा शब्द होता. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो बदलला. शब्द बदलला हे चांगलेच झाले, परंतु शब्दामागचा हिशेब अजून तोच आहे.

तो हिशेब आमच्याच पेशातून निघाला, हे शिक्षकांनी जाणून असावे. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सायमन या सहकाऱ्यासह बुद्धिमापनाची कसोटी तयार केली. शाळेत मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून त्यांना जादा मदत देता यावी, हा तिचा हेतू होता. बुद्धी म्हणजे जन्मतः ठरलेला, कधी न बदलणारा आकडा, असे मानणाऱ्यांना बिने यांचा विरोध होता. पण कसोटी अमेरिकेत गेली आणि तिचा उपयोग उलटा झाला. कोणाला मदत हवी हे शोधण्याऐवजी कोणाला बाहेर ठेवायचे हे तिने ठरू लागले. आपल्याकडे कामतांनी बिने कसोटीचे मराठी आणि कानडी मुलांसाठी रूपांतर केले. बी.एड.ला आम्ही बुद्ध्यंकाचे तक्ते पाठ केले. सत्तरच्या खाली सौम्य, पन्नासच्या खाली मध्यम, पस्तीसच्या खाली तीव्र आणि विसाच्या खाली अतितीव्र. परीक्षेला ते उपयोगी पडले. पण घरात दखनी किंवा उर्दू बोलणाऱ्या मुलाची कसोटी मराठीत घेतली तर आकडा नक्की कशाचा येतो, हे त्या तक्त्यात लिहिलेले नव्हते. २०१३ साली अमेरिकन मनोचिकित्सक संघटनेने आपल्या नियमावलीत अक्षमतेची तीव्रता बुद्ध्यंकावरून ठरवणे सोडून दिले. माणूस रोजच्या व्यवहारात काय करू शकतो आणि त्याला किती आधार लागतो, हे आता पाहिले जाते. म्हणजे शंभर वर्षे फिरून शास्त्र पुन्हा बिने यांच्या मूळ प्रश्नापाशी आले. याला कोणती मदत हवी?

आता आपल्या मोहल्ल्याकडे पाहू. आम्ही राहतो ते मालेगाव. पॉवरलूमचा आवाज शुक्रवार सोडून थांबत नाही, आणि प्रत्येक हाताला काही ना काही काम असते. अशा गावात जुन्या काळापासून प्रत्येक गल्लीत एखादा तरी असा माणूस असे, ज्याला सगळे ओळखत. तो हॉटेलातून लूमवर चहा नेऊन देई, जनाज्याची खबर घरोघरी सांगे, लग्नात पाण्याचे जग उचले. त्याला कोणी भोला म्हणे, कोणी मजज़ूब समजून दुआ मागे. स्वभावाने गरीब असलेल्याला ‘अल्लाह मियाँ की गाय’ म्हणण्याची आपल्याकडे रीतच आहे. या जगण्यात ऊब होती, ती नाकारण्याचे कारण नाही. त्या माणसाला निदान एक गल्ली होती.

पण त्या उबेचे चित्र फार रंगवू नये. त्याच गल्लीत पोरे त्याच्या मागे दगड घेऊन धावत. त्याला चिडवून शिव्या द्यायला लावणे ही मोठ्यांची करमणूक होती. कामाचा मोबदला म्हणजे एक कप चहा. आणि तो पुरुष होता म्हणूनच रस्त्यावर दिसत होता. त्याच्यासारखी मुलगी घराच्या मागच्या खोलीत असे. तिच्याबद्दल पाहुण्यांना सांगितले जात नसे, कारण मग तिच्या बहिणींची स्थळे अडत. गाय म्हटल्याने माणसाला पावित्र्य मिळत असेल, पण गायीला कोणी मत विचारत नाही. माणसाला माणसाच्या पातळीवरून काढायचे दोन मार्ग आहेत. एक त्याला खाली ढकलण्याचा आणि दुसरा त्याला वर उचलून ठेवण्याचा. पागल म्हटले काय आणि मासूम फरिश्ता म्हटले काय, दोन्हींत त्याच्याशी बोलण्याची, त्याला काही शिकवण्याची, त्याच्याकडून काही अपेक्षा करण्याची जबाबदारी टळते.

इथे एक धार्मिक समजूत आडवी येते, तिचा विचार करणे भाग आहे. तीन जणांवरून क़लम उठवला आहे, अशा अर्थाची एक हदीस आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. झोपलेला जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि ज्याची अक्कल जागेवर नाही तो ती येईपर्यंत, यांच्या नावे गुन्हा लिहिला जात नाही. फ़िक़्हच्या ग्रंथांनी मजनून आणि मातूह, म्हणजे वेडा आणि कमी समज असलेला, असा फरकही केला आहे. हा मोठा दिलासा आहे. ज्या आईला आपल्या मुलाच्या नमाज-रोज्याची चिंता लागते, तिला तो आधार देतो. पण क़लम कोणता उठवला आहे हे आपण नीट पाहत नाही. हिशेब मागणारा क़लम त्याच्यावरून उठला. त्याच्या हक्कांची नोंद करणारा क़लम उठला असे कोणी म्हटलेले नाही. आपल्यावरचा क़लम तर मुळीच उठलेला नाही. आपण मात्र सोईस्करपणे सगळेच क़लम उठवून टाकले, आणि त्यांच्याबरोबर हजेरीचाही.

शाळा सुटल्यानंतर, म्हणजे मुलगा सोळा-अठरा वर्षांचा झाल्यावर, नेमके काय होते? २०१६चा कायदा ठरावीक टक्केवारीपुढे अपंगत्व असलेल्या मुलांना सहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क देतो. त्यानंतर कायद्याच्या दृष्टीने तो सज्ञान होतो. आईबापांची नैसर्गिक पालकत्वाची सत्ताही अठराव्या वर्षी संपते. ज्याला कायदेशीर पालकाची गरज आहे, त्याच्यासाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. ही गोष्ट फार थोड्या घरांना माहीत असते. घरात मात्र कॅलेंडर थांबते. मुलगा उठतो, त्याला आंघोळ घालतात, खाऊ घालतात, टीव्ही लावून देतात, पुन्हा खाऊ घालतात, झोपवतात. सोमवार आणि गुरुवार यांत फरक उरत नाही. त्याच्यावर प्रेम नसते असे नाही, प्रेम भरपूर असते. पण प्रेम म्हणजे दिवस नव्हे. माणसाला दोन्ही लागतात.

दिवसाचे प्रशिक्षण देणारी केंद्रे या जागी उभी राहतात. सकाळी यायचे, पाच-सहा तास थांबायचे, संध्याकाळी घरी परतायचे. वसतिगृह नाही, दवाखाना नाही, मुलांची शाळाही नाही. स्वीडनचे बेंग्त निर्ये यांनी १९६९ साली या सगळ्या विचाराला एक सूत्र दिले. अपंग व्यक्तीला इतरांसारखेच जगण्याचे क्रम मिळाले पाहिजेत, असे ते सूत्र होते आणि त्याच्या यादीत पहिली गोष्ट होती दिवसाची सर्वसाधारण लय. सकाळी उठून कपडे घालून घराबाहेर पडणे, एका ठिकाणी राहणे आणि दुसऱ्या ठिकाणी दिवस घालवणे, आठवड्याला एक सुट्टी असणे आणि ती सुट्टी आहे हे कळणे. वाचताना वाटते, यात तत्त्वज्ञान ते काय? पण ज्याने शेकडो माणसे एकाच दालनात दिवसरात्र कोंडलेली पाहिली आहेत, त्यालाच हे सूत्र सुचू शकते. न्यूयॉर्कच्या विलोब्रुक नावाच्या सरकारी संस्थेतली अशी दृश्ये १९७२ साली दूरचित्रवाणीवर दिसली तेव्हा अमेरिका हादरली. ती संस्था बंद व्हायला १९८७ साल उजाडले. आपल्याकडे तेवढ्या मोठ्या संस्था नव्हत्या. आपल्याकडे मागची खोली होती.

महाराष्ट्रात या कामाची सुरुवात बहुतेक ठिकाणी सरकारने नव्हे, तर आईबापांनी आणि त्यांच्या आसपासच्या माणसांनी केली. मुंबईत शिवडीला असलेली जय वकील शाळा १९४४ साली एका दांपत्याने आपल्या मुलीसाठी सुरू केली. पुण्यात १९६४ साली कामायनी उभी राहिली. आमच्या जिल्ह्याच्या ठिकाणी, नाशिकला, रजनी लिमये यांनी १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केले, तेही घरात असे मूल होते म्हणून. मुले मोठी झाली तशा शाळांना कार्यशाळा जोडाव्या लागल्या, कारण मूल कायम मूल राहत नाही ही गोष्ट आईबापांनाच आधी कळते. २०१५ साली राष्ट्रीय न्यासाने दिवसाच्या केंद्रांसाठी ‘विकास’ नावाची योजनाही आणली.

या केंद्रांत शिकवतात तरी काय? आम्ही बी.एड.ला अध्यापनाची सूत्रे शिकलो. सोप्याकडून कठीणाकडे, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, मूर्ताकडून अमूर्ताकडे. विशेष शिक्षक एक वेगळे सूत्र वापरतात, जे आमच्या यादीत नव्हते. शेवटाकडून सुरुवातीकडे. कुर्ता घालायला शिकवायचा आहे. आधी त्या कामाच्या बारीक पायऱ्या पाडायच्या. कुर्ता उचलणे, पुढची बाजू ओळखणे, डोके घालणे, उजवा हात, डावा हात, खाली ओढणे. मग सगळे शिक्षकाने करायचे आणि शेवटची पायरी, कुर्ता खाली ओढण्याची, तेवढी त्याच्यासाठी ठेवायची. ती जमली की शेवटच्या दोन. अशाने रोजचा धडा त्याच्या हाताने पुरा होतो. रोज तो काम संपवूनच उठतो. ज्याने आयुष्यभर ‘रहने दे, तेरे से नहीं होगा’ ऐकले आहे, त्याला रोज एकदा ‘झाले’ म्हणता येते. आम्हाला ही युक्ती म्हणून जितकी मोलाची वाटते, त्याहून नीती म्हणून अधिक वाटते.

याच रीतीने चहा करणे, भांडी विसळणे, नोट ओळखणे, रांगेत उभे राहणे शिकवले जाते. चांगले केंद्र हे सगळे चार भिंतींत शिकवत नाही. शिक्षक त्याला घेऊन किराणा दुकानात जातात. तो दहाची नोट देतो, बिस्किटाचा पुडा घेतो आणि सुटे परत मिळेपर्यंत थांबतो. इथे दुकानदारालाही थांबावे लागते. मागचे गिऱ्हाईक चुळबुळ करते, त्यालाही थांबावे लागते. आणखी दोन गोष्टी शिकवतात, ज्या घरी सहसा कोणी शिकवत नाही. एक निवड. चहा हवा की सरबत, निळा कुर्ता की पांढरा, हे विचारले जाते आणि उत्तराची वाट पाहिली जाते. दुसरी नकार. कोणी नको तिथे हात लावला तर ‘नाही’ म्हणायचे, ओरडायचे, सांगायचे. घरी आपण त्यांना फक्त कहना मानायला शिकवतो. ज्याला प्रत्येक मोठ्या माणसाचे ऐकायची सवय लावली आहे, त्याला वाईट माणसाचेही ऐकावे लागते.

शिकवणे नाकारले की काय होते, याचे उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. १९९४ साली पुणे जिल्ह्यातल्या शिरूर येथील शासकीय वसतिगृहातल्या काही मतिमंद मुलींची गर्भाशये शस्त्रक्रिया करून काढण्यात आली. या मुलींना पाळीच्या दिवसांत स्वच्छता राखता येत नाही, असे कारण सांगण्यात आले. देशभर वाद झाला. समर्थन करणाऱ्यांत सगळे दुष्ट नव्हते, काही मनापासून बोलत होते. पण कपडा बदलणे, धुणे, टाकणे याच्याही पायऱ्या पडतात, आणि शिकवणाऱ्या बाया त्या पायऱ्या मुलींना महिनोन्महिने शिकवतात. सगळ्यांना जमत नाही, पुष्कळींना जमते. जिथे शिकवायला माणूस ठेवला नाही, तिथे मुलीचा अवयव काढणे सोपे वाटले. आम्हाला या प्रकरणातून एक कसोटी मिळते. एखाद्याच्या अडचणीवर उपाय करताना आपण आपला वेळ खर्च करतो, की त्याच्यातून काही कापून टाकतो?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. एवढे शिकवून तो कमावणार किती? केंद्रांत मेणबत्त्या, कागदी पिशव्या, फायली बनतात, मसाला पुड्यांत भरला जातो, सणाच्या आधी प्रदर्शन लागते. लोक दया म्हणून विकत घेतात आणि घरी नेऊन ठेवून देतात. या आक्षेपाला उत्तर म्हणून काही संस्था कमाईचे आकडे पुढे करतात. आम्हाला ते उत्तर धोक्याचे वाटते. जो कमावू शकतो त्याने जरूर कमवावे आणि त्याला कामाचा खरा मोबदला मिळावा, चहाच्या कपावर भागवू नये. पण केंद्राचे समर्थन कमाईवर उभे केले तर ज्याची मान सावरत नाही, ज्याच्या हातात वस्तू ठरत नाही, तो पुन्हा बाहेर पडतो. जगाने ज्या परीक्षेत सगळ्यांना नापास केले, तीच परीक्षा मग आपण आत मांडतो.

तत्त्वज्ञांनाही हा पेच सुटलेला नाही. जॉन रॉल्स यांनी १९७१ साली न्यायाचा जो सिद्धांत मांडला, त्यात समाज म्हणजे आयुष्यभर परस्परांना सहकार्य करू शकणाऱ्या माणसांचा करार, असे गृहीत धरले. ज्यांना ते जमणार नाही त्यांचा विचार पुढे ढकलला. ईव्हा किटे या अमेरिकन तत्त्वज्ञ बाईंची स्वतःची मुलगी तीव्र बौद्धिक अक्षमता घेऊन जन्मलेली. त्यांनी १९९९च्या आपल्या ग्रंथात विचारले की अवलंबून असणे हा अपवाद कसा? प्रत्येक माणूस काही वर्षे कोणाच्या तरी मांडीवर असतो आणि जगला वाचला तर शेवटी पुन्हा कोणाच्या तरी खांद्यावर येतो. करार करणारी धडधाकट माणसे ही मधल्या काही वर्षांची गोष्ट आहे. आम्हाला हे म्हणणे पटते. उपयोग हे माणसाचे मोल मोजण्याचे माप धरले तर आपल्यापैकी कोणीच जन्मापासून मरणापर्यंत त्यात बसत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतो, आणि तो दुष्टपणाचा नाही. आपल्या हुशार मुलांना बसायला बाक नाहीत, विज्ञानाला शिक्षक नाही. आधी त्यांचे पाहू, मग यांचे. रांग लावणे योग्यच आहे. पण ज्या रांगेत एका माणसाचा नंबर कधीच येत नाही, तिला रांग म्हणता येत नाही. शिवाय ही दोन दुःखे वेगळी नाहीत. आमच्या वर्गांतून अधूनमधून एखादी मुलगी सातवी-आठवीत गळते. चौकशी केली तर कळते, घरी मोठा भाऊ असा आहे. आईला कांड्या भरायला जायचे असते, त्याच्याजवळ कोणीतरी बसायला हवे. आई येऊन सांगते, ‘सर, नाम काट दो इसका. इसके भाई को कौन देखेगा?’ भावाचे नाव कुठल्याच पटावर नसते, म्हणून बहिणीचे पटावरून कमी होते. भावाला त्याचा दिवस मिळाला असता तर बहिणीला तिची शाळा मिळाली असती. भावाचा हक्क बहिणीच्या फायद्यावर अवलंबून नाही हे खरे. पण त्याचा हक्क नाकारला की त्याची किंमत बहुधा घरातली दुसरी एखादी मुलगीच देते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. वेगळे केंद्र काढणे म्हणजे पुन्हा वेगळे काढणेच नव्हे काय? भारताने २००७ साली संयुक्त राष्ट्रांचा अपंग हक्क करार मान्य केला. समाजात राहून, समाजाचा भाग म्हणून जगण्याचा हक्क त्यात आहे. या निकषावर आपली पुष्कळ केंद्रे कमी पडतात. व्हॅन सकाळी त्यांना उचलते, फाटकाच्या आत सोडते, संध्याकाळी परत आणते. गावाने त्यांना पाहिलेलेही नसते. असे केंद्र म्हणजे फक्त दिवसा उघडी राहणारी मागची खोली. तरीही आम्ही म्हणतो की केंद्र हवे. रस्त्यावर एकट्याने उतरण्याआधी तालीम करायला जागा लागते, आणि आपल्यासारखीच माणसे जिथे आहेत तिथे दोस्ती होते. अट एवढीच की त्या केंद्राचा दरवाजा बाजाराकडे उघडावा. आठवड्यातले काही तास तरी शिकवणी दुकानात, रिक्षात, बँकेत, बागेत, मशिदीच्या वुज़ूखान्यात व्हावी. केंद्र चांगले की वाईट हे आतल्या मेणबत्त्या पाहून ठरत नाही. बाहेरच्या किती दुकानदारांना तिथल्या माणसांची नावे माहीत आहेत, यावरून ठरते.

मग हे करायचे कोणी? आमच्यासारख्या गावांत शादीखाने आणि जमातखाने लग्नाचे दिवस सोडले तर दुपारपर्यंत रिकामे असतात. तिथे पाणी आहे, संडास आहे, पंखे आहेत. भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला विशेष शिक्षणाचा अभ्यासक्रम केलेला शिक्षक लागेल. उर्दू जाणणारे असे शिक्षक आम्हाला क्वचितच भेटतात, तेव्हा आपल्या डी.एड., बी.एड. करू पाहणाऱ्या मुलामुलींपैकी काहींनी या वाटेने जावे, असे आम्ही आवर्जून सांगू. आणि रिक्षाचे भाडे लागेल. ही क्षुल्लक वाटणारी बाबच निर्णायक असते, कारण केंद्र फुकट असले तरी रोजचे जाणे-येणे फुकट नसते आणि पुष्कळ नावे तिथेच गळतात. रमजानमध्ये आपला हात सढळ असतो. ज़कात कुठे लागू होते ते उलमांनी सांगावे. पण एका दिवसाच्या इफ्तारीइतकाच सवाब वर्षभराच्या रिक्षाभाड्यात असू शकतो, एवढे समजायला मोठे इल्म लागत नाही. खैरात एकदा देऊन संपते. दिवस रोज द्यावा लागतो.

सहीह मुस्लिममध्ये हज़रत अनस यांच्याकडून आलेली एक रिवायत आहे. मदीनेतली एक बाई, जिच्या समजेत काही उणे होते, पैगंबरांकडे आली आणि म्हणाली की आपल्याशी काम आहे. त्यांनी तिला घरी पाठवले नाही, तिच्या नातेवाइकाला बोलावून आणा असेही म्हटले नाही. कोणत्या गल्लीत बोलायचे ते तूच ठरव, असे तिला सांगितले आणि तिचे बोलणे संपेपर्यंत तिच्याबरोबर थांबले. काम काय होते ते रिवायतीत येत नाही. ते महत्त्वाचे असणार की नसणार, याची चौकशी आधी झाली नाही. जागा तिने निवडली आणि वेळ त्यांनी दिला. दया आणि हक्क यांतला फरक आम्हाला इथे सर्वांत स्वच्छ दिसतो. दया करणारा आपल्या सवडीने, आपल्या दारात देतो. हक्क मानणारा समोरच्याच्या गल्लीत जातो.

तेव्हा सुरुवात एखाद्या मोठ्या इमारतीने व्हायला हवी असे नाही. एक हॉल, एक शिक्षक, दोन मदतनीस, एक रिक्षा आणि एक कोरे रजिस्टर एवढ्यावर पहिला दिवस भरू शकतो. त्या रजिस्टरात पहिले नाव कोणाचे लिहायचे, हे प्रत्येक गल्लीला आजही ठाऊक आहे.